विद्यामंदिरांचे मौन

ओडिशातील बालासोर येथील फकीर मोहन महाविद्यालयात बी.एड.चे शिक्षण घेणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा जुलै २०२५ मध्ये करुण अंत झाला. आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध तिने लैंगिक छळाची लेखी तक्रार केली होती. महाविद्यालयाने चौकशीही सुरू केली होती. १२ जुलै रोजी ती प्राचार्यांना भेटली आणि त्यानंतर काही वेळातच महाविद्यालयाच्या आवारात तिने आत्मदहनाचा मार्ग पत्करला. १४ जुलैच्या रात्री भुवनेश्वरच्या एम्स रुग्णालयात तिची प्राणज्योत मालवली. मग चक्रे वेगाने फिरली. विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांना अटक झाली, निलंबनाचे आदेश निघाले, विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्यशोधन समिती नेमली. आरोपांचा न्यायनिवाडा न्यायालय करील. तो त्याचाच अधिकार आहे. परंतु निकालाची वाट न पाहता विचारावा असा एक प्रश्न या घटनेने मागे ठेवला आहे. कायदा होता, नियम होते, चौकशीची यंत्रणा होती. मग तक्रार करणाऱ्या मुलीला आपल्या पाठीशी कोणी आहे असे का वाटले नाही?

अशी घटना घडली की समाजमन पेटून उठते. मेणबत्त्या पेटतात, मोर्चे निघतात, 'फाशी द्या' अशा घोषणा होतात. हा संताप खोटा नसतो. पण तो सारा गुन्हेगाराच्या दिशेने वाहतो आणि ओसरतो. जिच्यावर आघात झाला ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी वर्गात कशी जाईल, परीक्षेला कशी बसेल, त्याच प्राध्यापकाच्या हातून अंतर्गत गुण कसे घेईल, याचा विचार घोषणांमध्ये नसतो. शिक्षा देणे हे न्यायसंस्थेचे काम आहे. आधार देणे हे मात्र ज्या संस्थेच्या छत्राखाली ती व्यक्ती शिकते, त्या संस्थेचे आद्य कर्तव्य आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे आपल्या शिक्षणसंस्था पहिलीची जबाबदारी पोलिसांवर टाकतात आणि दुसरी विसरून जातात.

या संदर्भात महाभारतातील सभापर्वाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. द्रौपदीवरील अत्याचाराचे वर्णन करताना दुःशासनाचे नाव सर्वांच्या ओठी येते. पण व्यासांनी त्या प्रसंगाचे मर्म दुःशासनाच्या हातात ठेवलेले नाही. ते सभेच्या मौनात ठेवले आहे. द्रौपदीने करुणा भाकली नाही, तिने प्रश्न विचारला. स्वतःला आधीच हरलेल्या पुरुषाला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असा तो नेमका, कायद्याचा प्रश्न होता. त्या सभेत ज्ञानाची वाण नव्हती. भीष्म होते, द्रोण होते, कृपाचार्य होते. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळला. विदुराने सभेला तिच्या कर्तव्याची जाणीव करून दिली. आणि कौरवांपैकीच एक असलेला तरुण विकर्ण उठून म्हणाला की, द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला कर्णाने गप्प बसवले. आजच्या विद्यापीठांच्या सभागृहांत भीष्मांची संख्या कमी नाही. विकर्ण मात्र शोधावा लागतो.

कायद्याच्या पातळीवर या देशाने मोठा प्रवास केला आहे. राजस्थानातील भटेरी गावात बालविवाहास विरोध करणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या याचिकेतून १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती कागदावरच राहत असल्याचे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर २००४ आणि २०१२ मध्ये न्यायालयाने महत्त्वाचे आदेश दिले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेने देश हादरल्यानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' समितीने शिक्षणसंस्थांच्या परिसरातील स्थितीविषयी अहवाल दिला. आयोगाने केलेले '२०१५ चे विनियम' २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. देशातील प्रत्येक विद्यापीठाला आणि महाविद्यालयाला ते बंधनकारक आहेत.

हे विनियम मुळातून वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांत केवळ चौकशीची कलमे नाहीत. तक्रारीची चौकशी चालू असताना तक्रारदाराला रजा देणे, वर्गातील उपस्थितीच्या अटीत सवलत देणे, गरज असल्यास दुसऱ्या विभागात अथवा दुसऱ्या मार्गदर्शकाकडे काम करण्याची सोय करणे, हे अंतर्गत तक्रार समितीचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदाराच्या उत्तरपत्रिका तपासण्यापासून वा कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. पीडित व्यक्ती शारीरिक वा मानसिकदृष्ट्या तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल, तर नातेवाईक, मित्र, सहाध्यायी अथवा समुपदेशकही तक्रार दाखल करू शकतो. पोलिसांत तक्रार करण्याचे तिने ठरवल्यास समितीने तिला साहाय्य केले पाहिजे. तिची ओळख गुप्त राखली पाहिजे. तिच्यावर आणि साक्षीदारांवर सूड उगवला जाणार नाही, हेही पाहिले पाहिजे. संस्थेत प्रशिक्षित, पूर्णवेळ समुपदेशक असावेत, आरोग्यसेवेत स्त्रीरोगतज्ज्ञांची सोय असावी, परिसरात पुरेसा उजेड असावा, ग्रंथालय आणि वसतिगृह यांच्या दरम्यान सायंकाळी वाहनाची व्यवस्था असावी, इतक्या तपशिलापर्यंत हे विनियम जातात. विद्यार्थिनींइतकेच छळाला बळी पडणारे विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांचीही दखल त्यांनी घेतली आहे. वसतिगृहात नव्याने आलेल्या एखाद्या मुलावर असा प्रसंग ओढवला, तर 'मुलांच्या बाबतीत असे काही नसते' म्हणून त्याला परत पाठवण्याची मुभा संस्थेला नाही.

समितीची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला अध्यापक असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, बाहेरच्या सामाजिक संस्थेतील एक सदस्य असावा, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी-प्रतिनिधी असावेत आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता वा विभागप्रमुख यांपैकी कोणीही सदस्य नसावे, असे विनियम सांगतात. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्याकडेच सत्तेच्या गैरवापराची दाद मागावी लागू नये, हा त्यामागील हेतू. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यायचा आणि अपील नसेल तर तीस दिवसांत त्यावर कार्यवाही करायची, अशी कालमर्यादाही आहे. नियम न पाळणाऱ्या संस्थेचे अनुदान रोखण्यापर्यंतची तरतूद आहे. म्हणजे उणीव कायद्यात नाही. ती इच्छाशक्तीत आहे.

ही इच्छाशक्ती का नसते? पहिले उत्तर 'संस्थेची अब्रू' हे आहे. तक्रार आली की प्राचार्यांच्या दालनात प्रथम विचार होतो तो वर्तमानपत्रांचा, मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीचा आणि पुढील वर्षीच्या प्रवेशांचा. मुलीचा विचार शेवटी होतो. मग समजुतीची भाषा सुरू होते. 'सरांचा स्वभावच तसा आहे', 'तुझे वर्ष वाया जाईल', 'प्रकरण वाढवून तुझीच बदनामी होईल'. वरवर वडीलकीची वाटणारी ही भाषा प्रत्यक्षात धमकीची असते. दुसरे उत्तर अधिक खोल आहे. विद्यापीठातील गुरु-शिष्य नात्यात सत्तेचे पारडे कमालीचे एका बाजूला झुकलेले असते. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचे पाच-सहा वर्षांचे भवितव्य मार्गदर्शकाच्या एका स्वाक्षरीवर अवलंबून असते. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रगती-अहवाल, परिसंवादातील निबंध, नोकरीसाठीचे शिफारसपत्र, सर्व काही त्याच टेबलावरून जाते. ज्या परंपरेने गुरूला देवाचे स्थान दिले, त्या परंपरेने त्याच्यावर देवाइतक्या निर्मळतेचे ओझेही टाकले होते. स्थान घ्यायचे आणि ओझे टाकून द्यायचे, हा गुरुपरंपरेचा आदर नव्हे. तिचा विटाळ आहे.

सत्ताधाऱ्याने स्त्रीवर हात टाकला तर काय करावे, याचा वस्तुपाठ महाराष्ट्राला नवा नाही. रांझे गावचा पाटील बदअमल करून बसला, तेव्हा शिवरायांनी त्याच्या वतनाची वा पदाची भीड ठेवली नाही. त्या शिक्षेची कठोरता सर्वांना तोंडपाठ आहे आणि भाषणांतून ती हमखास सांगितली जाते. पण त्या प्रकरणाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. पाटलाला हजर करण्यात आले, चौकशी झाली, अपराध खरा ठरला आणि मग शिक्षा झाली. पदाची भीड न बाळगणे आणि शहानिशा केल्यावाचून शिक्षा न करणे, हे दोन्ही त्या न्यायाचे भाग आहेत. एक घेऊन दुसरा सोडता येत नाही.

दुसरा भाग सोडला तर काय होते, हे गोवा विद्यापीठातील प्रकरणाने दाखवून दिले आहे. राज्यशास्त्र विभागाच्या तत्कालीन प्रमुखांविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी केली आणि २०१० मध्ये त्या प्राध्यापकाला बडतर्फ करण्यात आले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई कायम ठेवली. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि प्रकरण पुन्हा चौकशीच्या टप्प्यावर पाठवले. कारण काय? समितीने एकोणचाळीस दिवसांत अठरा बैठका उरकल्या होत्या आणि बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती. तक्रारदारांना न्याय देण्याच्या अतिउत्साहात समितीने त्यांचेच अधिक नुकसान केले, असे न्यायालयाने खेदाने नमूद केले. २००९ मध्ये धैर्याने पुढे आलेल्या मुलींच्या हाती चौदा वर्षांनंतर काय लागले? पुन्हा सुरुवात. त्या वेळी विशीत असलेल्या त्या विद्यार्थिनी तोवर पस्तिशीच्या आसपास पोहोचल्या असतील.

या निकालाचा अर्थ 'आरोपी सुटला' असा लावणे चूक आहे आणि 'तक्रारी खोट्याच असतात' असा लावणे तर अन्यायाचे आहे. त्याचा खरा अर्थ असा की, समितीचे सदस्य प्रशिक्षित असले पाहिजेत. नोटीस कशी द्यायची, साक्ष कशी नोंदवायची, उलटतपासणी तक्रारदाराला अपमानित न करता कशी घ्यायची, इतिवृत्त कसे लिहायचे, हे शिकावे लागते. प्राणिशास्त्राच्या वा इतिहासाच्या उत्तम प्राध्यापिकेला ते आपोआप येत नाही. निष्काळजी चौकशी ही आरोपीवर जितका अन्याय करते, तितकाच तक्रारदारावरही करते. सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात देशभरातील संस्थांना समित्यांची पडताळणी, सदस्यांची माहिती संकेतस्थळावर देणे आणि नियमित प्रशिक्षण यांविषयी निर्देश दिले. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा निर्देश द्यावे लागले, यावरून पहिल्या निर्देशांचे काय झाले हे उमगते. आरोप सिद्ध न होणे म्हणजे आरोप खोटा असणे नव्हे, हेही कायद्याने स्पष्ट केलेले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्रारदाराला मिळणारा आधार हा आरोप सिद्ध होण्यावर अवलंबून नसतो. समुपदेशन, रजा, उपस्थितीची सवलत, दुसऱ्या परीक्षकाकडून तपासणी यांतून आरोपीवर कोणताही अन्याय होत नाही. मग या गोष्टी पहिल्या दिवसापासून देण्यात अडचण कोणती?

जेथे केवळ छळ नव्हे तर प्रत्यक्ष अत्याचार घडलेला असतो, तेथे पहिले काही तास निर्णायक असतात. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागतात आणि वैद्यकीय पुरावाही दिवसागणिक क्षीण होतो. शासकीय असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला अशा पीडितेवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. आधी पोलिसांत तक्रार करून या, असे सांगून तिला परत पाठवता येत नाही. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचे कारण सांगणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला मान्य नाही. स्त्रीची मानहानी करणारी 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा निषिद्ध ठरवली आणि ती करणारा डॉक्टर गैरवर्तनास पात्र ठरेल असे बजावले. जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर आहेत, महिलांसाठी १८१ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, मानसिक आधारासाठी १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. किती वसतिगृहांच्या रेक्टरना ही माहिती तोंडपाठ आहे? किती महाविद्यालयांच्या फलकावर ती लावलेली आहे? रात्री अकरा वाजता रडत दारात उभ्या राहिलेल्या मुलीला 'तू तिथे गेलीसच कशाला?' असे न विचारता 'चल, मी तुझ्याबरोबर येते' असे म्हणणारी एक व्यक्ती प्रत्येक वसतिगृहात असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींनाच कोंडून ठेवण्याची वृत्ती हा या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. महामना मालवीयांनी उभारलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात सप्टेंबर २०१७ मध्ये एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली. दाद मागणाऱ्या मुलींचे म्हणणे ऐकून घेण्याऐवजी प्रकरण चिघळू दिले गेले आणि अखेर परिसरात लाठ्या चालल्या. त्यानंतर मुख्य कुलानुशासकांनी राजीनामा दिला आणि त्या पदावर प्रथमच एका महिलेची नियुक्ती झाली. जी वास्तू राष्ट्राभिमानाचे प्रतीक म्हणून उभी राहिली, तेथे हे घडले याचे शल्य त्या वास्तूवर प्रेम करणाऱ्यांनाच अधिक वाटायला हवे. मुलींच्या मागण्या तरी काय होत्या? रस्त्यावर दिवे आणि दक्ष सुरक्षाव्यवस्था. सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असे आयोगाचे विनियमही सांगतात. शिस्त सर्वांना हवी. पण अपराध एकाने करायचा आणि संचारबंदी दुसऱ्यावर लादायची, ही शिस्त नव्हे. शिवाय कुलूपबंद दार सुरक्षिततेची हमी देत नाही. मुंबईत चर्नी रोड येथील शासकीय वसतिगृहात जून २०२३ मध्ये एका विद्यार्थिनीची अत्याचार करून हत्या झाली, तेव्हा संशयाची सुई त्याच वसतिगृहात सुरक्षारक्षकाचे काम करणाऱ्या इसमाकडे वळली होती.

आता थोडे अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. अशा घटनांवर आवाज उठवताना आरोपी कोणत्या गोटातला आणि राज्यात सरकार कोणाचे, हे पाहून आवाजाची पट्टी ठरवण्याची सवय सार्वजनिक जीवनाला जडली आहे. कोलकात्याच्या आर.जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरचा मृतदेह सापडला. तिच्यावर अत्याचार करून तिची हत्या झाली होती. राजीनामा दिलेल्या प्राचार्यांना त्याच दिवशी दुसऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद देण्यात आले आणि उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. संस्था आणि शासन मिळून पीडितेच्या नव्हे, तर पदाधिकाऱ्यांच्या पाठीशी कसे उभे राहतात, याचे हे ढळढळीत उदाहरण होते आणि त्याचा निषेध झालाच पाहिजे होता. पण कोलकात्यासाठी उठणारा आवाज आपल्या गावातील, आपल्या परिचयाच्या संस्थाचालकाच्या महाविद्यालयाबाबत घशातच अडकत असेल, तर त्या आवाजाला नैतिक अधिष्ठान उरत नाही. ज्यांच्या राजकारणाशी टोकाचे मतभेद आहेत, त्यांच्याही चांगल्या कामाची नोंद घेता आली पाहिजे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने 'विशाखा' निकालानंतर दोन वर्षांत, १९९९ मध्ये, निर्वाचित विद्यार्थी-प्रतिनिधींचा समावेश असलेली स्वतंत्र समिती उभी केली. २०१७ मध्ये तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली. त्या परिसरातील घोषणांविषयी काहीही मत असो, अन्य शेकडो विद्यापीठे त्या काळात झोपलेली होती हे सत्य उरतेच. पीडितेला पक्ष नसतो. तिची जात, तिचा प्रांत, तिच्या हातातील झेंडा पाहून तिचे अश्रू खरे की खोटे ठरवणारा समाज स्वतःला संस्कारित म्हणवू शकत नाही.

प्रश्न शिक्षणसंस्थांपाशी थांबत नाही. तो प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. मुलीने धीर करून घरी सांगितले, तर पुष्कळ घरांतून येणारे पहिले उत्तर असते, 'बॅग भर आणि घरी ये.' त्यामागे माया असते, भीतीही असते. पण परिणाम असा होतो की, ज्याने अपराध केला तो आपल्या खुर्चीवर कायम राहतो आणि जिच्यावर अपराध झाला तिचे शिक्षण सुटते. लग्न ठरण्याच्या चिंतेने तिला बोलू दिले जात नाही. ही शिक्षा कोणत्याही न्यायालयाने तिला सुनावलेली नसते. ती घरच सुनावते. १८४८ मध्ये सावित्रीबाईंनी अंगावर शेण-दगड झेलत मुलींची शाळा चालवली, १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ उभारले. त्या तपश्चर्येतून खुले झालेले दार एखाद्या विकृत माणसाच्या भीतीने आपल्याच हातांनी पुन्हा लावून घ्यायचे काय? अब्रू जाते ती अपराध करणाऱ्याची, सोसणाऱ्याची नव्हे, हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेते. ते घरातल्या स्वयंपाकघरात, दाराआड, आई-वडिलांच्या तोंडून मुलीला ऐकू आले पाहिजे. मुलींइतकीच, किंबहुना अधिक, ही शिकवण मुलांना मिळाली पाहिजे. नकाराचा मान राखणे हा पुरुषार्थ आहे, हे ज्याला घरात शिकवले गेले नाही त्याला कोणताही विनियम ते शिकवू शकणार नाही.

विद्यापीठ पीडितेच्या पाठीशी उभे राहिले तर काय घडू शकते, याचे एक तेजस्वी उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पूर्व विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष ठरवले. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार विधिज्ञ प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ही त्यांची नावे. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. त्या चौघांची आणि त्या मुलीची ना ओळख होती ना नाते. तिच्याकडे पैसा नव्हता, वशिला नव्हता. तिच्या बाजूने उभी राहिली ती विद्यापीठातील विद्या. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. विद्येचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर सापडणे कठीण आहे.

या उत्तराला शोभेल असे काम आज प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. प्रवेश घेताना पालक शुल्क, निकाल आणि नोकरीच्या संधी विचारतात. त्याच खिडकीवर अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे आणि समुपदेशकाची वेळ विचारावी. दहा पालकांनी विचारले की अकराव्यासाठी फलक लागतो. विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी आपल्या महाविद्यालयात समिती अस्तित्वात आहे की केवळ कागदावर, बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा आहे की संस्थाचालकांचा स्नेही, विद्यार्थी-प्रतिनिधी निवडले गेले आहेत की नाहीत, याची माहिती घ्यावी आणि वार्षिक अहवालाची मागणी करावी. सामाजिक कार्यातील महिला वकील, डॉक्टर, समुपदेशक यांनी तालुक्याच्या ठिकाणच्या लहान महाविद्यालयांच्या समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून जाण्याची तयारी दाखवावी; तेथे अशी माणसे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. संस्थाचालकांनी शून्य तक्रारींचा अहवाल अभिमानाने मिरवू नये. वर्षानुवर्षे एकही तक्रार न येणे हे अनेकदा सुरक्षिततेचे नव्हे, अविश्वासाचे लक्षण असते. आणि शिक्षकांनी, विशेषतः ज्येष्ठ शिक्षकांनी, सहकाऱ्याच्या गैरवर्तनाकडे पाठ फिरवण्याचा जुना शिष्टाचार मोडावा.

कौरवसभेतील वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीच्या हाकेला भगवंत धावले, असे आपली परंपरा सांगते. पण ईश्वर धावून आला म्हणून सभेचा अपराध पुसला गेला नाही. त्या मौनाची किंमत कुरुक्षेत्रावर अठरा दिवस मोजावी लागली आणि ती मोजताना भीष्म-द्रोणही वाचले नाहीत. बालासोरच्या त्या मुलीला कोणताही चमत्कार नको होता. आपली तक्रार गांभीर्याने घेतली जाईल, चौकशी होईपर्यंत आपण निर्धास्तपणे शिकू शकू, एवढेच आश्वासन हवे होते. ते देण्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. सभेत बसलेल्यांपैकी कोणीतरी वेळेवर उभे राहावे लागते.